हिमदंश : शेकोटी नको, कोमट पाणी (अनुभव धागा)

खानदेशात बर्फ पडत नाही, पण इथली पोरं फौजेत आहेत आणि लोक लडाख-केदारनाथला जातात. बोटं गारठली की आपण शेकोटी पेटवतो. हिमदंशात, म्हणजे थंडीनं कातडी-मांस गोठतं तेव्हा, नेमकं तेच घातक. जाणत्यांनी नेमकं लिहावं.

धुळे, माजी सैनिक
नुसती थंडी बोट घेत नाही. वारा, ओल आणि घट्ट बूट तिला वाट करून देतात. दोन जाड मोजे कोंबले की रक्त अडतं. मोजा ओलावला की लगेच बदला. तंबाखू बंद, तिनं रक्तवाहिन्या आकसतात. दुखायचं थांबलं तर बरं वाटतंय असं समजू नका, बोट बधिर झालंय. पांढरं, मेणचट, लाकडासारखं कडक लागतं. पुढं पुन्हा गोठायची शक्यता असेल तर वितळवूच नका; दुसऱ्यांदा गोठलेलं बोट वाचणं फार अवघड.

जळगाव, परिचारिका
अंगठ्या आधी काढा, नंतर सूज येते. बोट ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा. थर्मामीटर नसेल तर कोपर बुडवून बघा, बाळाच्या अंघोळीइतकं कोमट. ते लवकर निवतं, म्हणून बोट बाहेर काढून गरम पाणी मिसळत राहा. साधारण अर्धा तास, कातडी मऊ आणि लालसर-जांभळी होईपर्यंत. चोळू नका. बधिर बोटाला विस्तवाचा चटका कळत नाही, वरून भाजतं. वितळताना कळ जबर येते, वेदनाशामक आधीच द्या. मग बोटांमध्ये कोरडं गॉज, आणि धनुर्वाताची सुई.

धुळे, सर्जन
फोडात स्वच्छ पाणी असेल तर इजा बहुधा वरवरची, रक्ताळ असेल तर खोल. वितळल्यावर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. त्या विरघळवणारं औषध पहिल्या २४ तासांतच उपयोगी, म्हणून मोठं हॉस्पिटल लगेच गाठा. बोट काळं पडलं म्हणून कापायची घाई मात्र नको. मेलेला भाग कुठवर, हे कळायला १ ते ३ महिने लागतात. पू, दुर्गंधी, ताप आला तर गोष्ट वेगळी. पुढं गारवा सोसत नाही, सांधे दुखतात. लहान मुलांत बोटाची वाढ खुंटू शकते.

चोपडा, कृत्रिम रेतन करणारा
आपल्याकडं हिमदंश जनावरांचं वीर्य साठवायच्या द्रवरूप नायट्रोजनच्या कंटेनरनंही होतो, उणे १९६ अंश! गोठवलेल्या वीर्याची कांडी चिमट्यानंच काढा. हातमोजा सैल हवा, आत थेंब गेला तर झटक्यात निघाला पाहिजे. कांडी वितळवायचं कोमट पाणी आणि थर्मामीटर जवळ असतोच, तोच बोटाच्या कामी येतो.