मदत हवी आहे: दारावरच्या रंगीत काचेच्या तावदानाला पोट आलंय

वेंगुर्ल्यातल्या जुन्या घराचं अर्धगोल तावदान आहे. रुंदी साडेतीन फूट, काचेचे 31 तुकडे, एच आकाराच्या शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले. मधोमध दीड इंच फुगवटा, दोन डागजोड (पट्ट्या डाग देऊन जोडलेले सांधे) तडकलेत आणि समुद्राकडच्या बाजूला शिशावर पांढरी भुकटी.

दोष फक्त खाऱ्या वाऱ्याचा नसावा. लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ पावसाळ्यात बंद खोलीत कोंडते आणि शिसं खाते. भुकटी विषारी, म्हणून ती कोरडी घासायची नाही. आंबट वासाचं सिलिकॉनही त्याच कारणाने नको, त्यातूनही तेच आम्ल सुटतं. (स्थानिक मिस्त्री नेमकं तेच सुचवतायत!)

निळा रंग काचेतच मुरलेला आहे, बहुधा कोबाल्टचा. पिवळी किनार मात्र चांदीच्या क्षाराची, भट्टीत भाजलेली. युरोपात ही पद्धत 14व्या शतकाच्या सुरुवातीची. काळ्या रेषा वरून काढलेल्या आहेत आणि बॅटरी तिरपी धरली की त्यांचे पोपडे दिसतात. त्यामुळे साबण, व्हिनेगर बाद.

तावदान आडवं ठेवून, वजन रोज थोडं वाढवत पोट बसवता येईल, की जोड तडकल्यामुळे पट्ट्या नव्यानेच घालाव्या लागतील? रत्नागिरी ते गोवा पट्ट्यात शिशाची पट्टी ओढून देणारं कुणी आहे का? अळशीचं तेल आणि खडूपूड यांची लुकण आपल्या दमट हवेत किती दिवसांत धरते? बाहेरून साधी काच लावायची तर मध्ये हवा खेळायला किती फट ठेवता?