आजोबांची पदकं : घरात सांगतात बर्मा, चांदणीवर लिहिलंय इटली

शेंगाचटणी (सोलापूर)
साखर पेठेतलं जुनं घर पाडायला घेतलंय. माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली. आमच्यात लहानपणापासून ऐकलंय की आज्जा बर्मात जपान्यांशी लढला. पण ट्रंकेतल्या दोन पितळी, सहा टोकांच्या चांदण्यांपैकी एकीवर इंग्रजीत चक्क 'इटली' आहे. दुसरीवर १९३९-४५. दोन्हींच्या मधे मुकुट आणि एकात एक गुंतलेली अक्षरं. शिवाय एक पांढरं गोल पदक, त्यावर सिंह कशावर तरी उभा. बिगुलाचा एक बिल्ला. आणि लाल कापडावर तीन पिवळी फुलं असलेला तुकडा. आत्या म्हणते, कुणाच्या तरी झंपराचा असेल, टाकून दे. एक सराफ पांढरं पदक चांदीच्या भावानं घ्यायला तयार आहे. काय करू?

माजी सुभेदार, बार्शी
राम राम. आधी आत्याबाईंना थांबवा! तो झंपर नव्हे. लालवर तीन पिवळे क्लोव्हर ही आठव्या इंडियन डिव्हिजनची खूण, दंडावर शिवायची. ही डिव्हिजन इटलीत लढली. सांग्रो नदी, कॅसिनो गाव, शेवटी १९४५ च्या एप्रिलात सेनिओ नदी. बिगुल लाइट इन्फन्ट्रीचा, म्हणजे हलक्या पायदळाचा. त्यावर मुकुट आणि 'मराठा' असेल तर आपलीच पलटण. मराठा रेजिमेंटची पहिली पलटण त्याच डिव्हिजनमध्ये होती. तिच्यातल्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो सेनिओवरच, ९ एप्रिल १९४५ ला. पण नुसत्या तुकड्यावरून पलटण ठरवू नका, तो डिव्हिजनमधले सगळेच लावायचे.

जुनीनाणी (पुणे)
गुंतलेली अक्षरं म्हणजे जी, आर, आय. जॉर्ज, राजा आणि सम्राट. त्यातला सम्राट आपल्या जिवावर. सिंहाच्या पायाखाली दोन तोंडांचा ड्रॅगन आहे, भिंगातून बघा: एक तोंड गरुडाचं, एक ड्रॅगनचं. पश्चिमेचा शत्रू आणि पूर्वेचा. हे वॉर मेडल युद्धात असलेल्या जवळजवळ सगळ्यांना मिळालं, त्यामुळे त्यावरून बर्मा की इटली ते कळत नाही. आणि ते तांबं-निकेलचं आहे, चांदीचं नाही. चांदीचं असायचं ते पहिल्या महायुद्धाचं, घोडेस्वाराचं. तसली कितीतरी वितळवली गेली. तुमच्या सराफाला भाव द्यायची घाई का, ते त्यालाच ठाऊक.
खरी गोष्ट मागच्या बाजूला. ब्रिटिश शिपायांना ही पदकं कोरी दिली, आपल्या लोकांच्या पदकांवर मात्र नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेलं असतं. चांदणीच्या पाठीवर आणि गोल पदकाच्या कडेवर शोधा.

शेंगाचटणी
सापडलं! बिल्ल्यावर 'मराठा' आहेच. चांदणीवर आडनाव लागतं, पण नंबर जवळजवळ गेलाय. आत्या दर खंडेनवमीला विळ्या-अडकित्त्याबरोबर ही पदकंही चिंच-राखेनं घासून पूजेत मांडायची म्हणे. लखलखीत आहेत अगदी.

जुनीनाणी
आता पितांबरीसुद्धा लावू नका. अंधार करा, मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरा आणि हळूहळू फिरवत फोटो काढा. बुडालेला आकडा सावलीत उठतो. दोन्ही चांदण्या आणि पदकाची कड ताडून बघा, नंबर तिन्हींवर तोच असणार.

शेंगाचटणी
आडव्या उजेडात पाच आकडे लागले, एक अजून तीन की आठ कळत नाही. वडील अजून बर्मावर ठाम आहेत. म्हणतात, बर्माची तिसरी चांदणी हरवली असेल.

माजी सुभेदार, बार्शी
असूही शकते, एकाच माणसाला दोन्हींकडच्या चांदण्या मिळायला हरकत नव्हती. वाद घालू नका. मराठा रेजिमेंटच्या बेळगावच्या सेंटरला पत्र टाका, तीन आणि आठ दोन्ही नंबर लिहा. सोबत आजोबांच्या वडिलांचं नाव, गाव आणि तेव्हाचा तालुका द्या. सोलापूर एवढंच लिहिलंत तर एका नावाचे पाच निघतील. पेन्शनचा जुना कागद असेल तर झेरॉक्स जोडा, आणि पत्राची एक प्रत आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या.