सेराटिना भुंग्यापासून तुटली! अख्खा मायटोकॉन्ड्रियल जीनोम करावा का?

तूरवाली: एमएस्सीचा प्रकल्प तुरीच्या फुलांवर येणाऱ्या, पोळं न करता एकट्याने राहणाऱ्या माश्यांवर आहे. पानं कापणारी मेगाकायली, निळ्या पट्ट्यांची अमेगिला, काळा भुंगा (झायलोकोपा) आणि इवलीशी सेराटिना. पायातून डीएनए काढून सीओआयचा (मायटोकॉन्ड्रियातला, जात ओळखायला वापरतात तो जनुक) ६५८ बेसचा, म्हणजे अक्षरांचा, तुकडा वाचला. ओळख पटली, पण वंशवृक्षात सेराटिना भुंग्याला सोडून मेगाकायलीशेजारी जाऊन बसली. सर म्हणतात, मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) अख्खा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचा. पैसे घालू का?

किडेकाका: घाला, पण सगळं सुटेल या भरवशावर नको. सेराटिना आणि भुंगा एकाच उपकुळातले, झायलोकोपिनी. तरी त्यांची ताटातूट झाली याचं मला नवल नाही. सीओआय जात ओळखायला उत्तम, जुनी नाती सांगायला तोकडा. कोडॉनची (एका अमिनो आम्लासाठीच्या तीन अक्षरांच्या गटाची) तिसरी जागा इतक्या वेळा बदललेली असते की जुनी खूण पुसूनच जाते. त्यात माश्यांच्या मायटोकॉन्ड्रियात डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए आणि टी यांचीच गर्दी. पाळीव युरोपीय मधमाशीचा १६,३४३ बेसचा जीनोम १९९३ साली छापून आला, त्यात हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास! दोनच अक्षरांचा खेळ असला की ती योगायोगानेही जुळतात, आणि प्रोग्रॅम त्यालाच नातं समजतो.

अख्ख्या जीनोममध्ये प्रथिनांचे १३ जनुक मिळतील. टीआरएनएचे (प्रथिन बनवताना अमिनो आम्लं आणून देणारे रेणू) २२ जनुक कुठल्या क्रमाने बसलेत तेही बघा. माश्यांमध्ये ते बऱ्याचदा जागा बदलतात. पण ए-टीची गर्दी तिथेही आहेच. तिसरी जागा वगळून किंवा अमिनो आम्लांवरून वृक्ष काढा, आणि बाहेरचा गट (तुलनेसाठी दूरचा नातलग) म्हणून एखादी गांधीलमाशी घ्या.

पिपेटवाली: खर्च वाटतो तेवढा नाही. पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या प्रती भरपूर असल्यामुळे वरवरच्या सिक्वेन्सिंगमध्येही जीनोम जुळतो. पायाऐवजी छातीतले उडण्याचे स्नायू घे. आणि त्याच जातीची एक माशी टाचणीवर जपून ठेव, नाहीतर पुढे नावावरून वाद होतो.

तूरवाली: थँक्यू ताई. सेराटिनाच्या तुकड्यात मधेच स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपलं असं सांगणारे) दिसतायत. नमुना खराब असेल का?

किडेकाका: हे आधी सांगायचं ना! डीएनएचं अमिनो आम्लांत भाषांतर कुठल्या तक्त्याने केलंत? अपृष्ठवंशीय मायटोकॉन्ड्रियाचा तक्ता ५ लावा, त्यात टीजीए हा कोडॉन म्हणजे स्टॉप नाही, तर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. तरीही स्टॉप राहिले, तर केंद्रकातल्या डीएनएत शिरलेली जुनी निकामी प्रत तुमच्या हाती लागली असणार. सेराटिना तुटली ती कदाचित त्यामुळेच. आधी एवढं तपासा, पैशांचं मग बघू.