जुन्या हॉलिवूडच्या डीव्हीडी मध्येच अडकतायत: काय ठेवायचं, काय बदलायचं?

कृष्णधवल:

१९३० ते १९६० या काळातल्या अमेरिकी चित्रपटांच्या साधारण १८० डीव्हीडी आणि ३५ ब्ल्यू-रे जमल्या आहेत. त्यातल्या आठ-नऊ डीव्हीडी आता अर्ध्यावर अडकतात. चित्र चौकोनी तुकड्यांत फुटतं, मग प्लेअर थांबतो. सगळ्यांवर एकही ओरखडा नाही, खालची बाजू आरशासारखी स्वच्छ आहे. पुसून पाहिल्या, दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिल्या, फरक नाही.

प्रश्न तीन आहेत. या डिस्क वाचवता येतील का? उरलेल्यांपैकी कुठल्या धोक्यात आहेत हे आधी कसं कळेल? आणि बदलायच्याच असतील तर ब्ल्यू-रे आली की डोळे मिटून घ्यावी, की काही जुन्या डीव्हीडी मुद्दाम ठेवण्यासारख्या असतात? यातल्या दोन डिस्क जांभळ्या आहेत आणि विकणारा त्या अस्सल असल्याचं सांगतो, तेही कोडं आहे.

रीळवाला:

तुमच्या वर्णनावरून हे डिस्क आतून कुजण्याचं लक्षण वाटतं. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकासारख्या थराने एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहितीचा थर त्यांच्या मधोमध असतो. चिकटवण्यात खोट राहिली की हवा आणि ओल आत शिरते, प्रकाश परतवणारा धातूचा थर गंजतो. वरून पुसून किंवा घासून काहीच होत नाही, कारण बिघाड प्लास्टिकच्या आत आहे. पॉलिश करणाऱ्या यंत्रात तर अशी डिस्क घालूच नका, आहे ते प्लास्टिकही उगाच पातळ होईल.

"अर्ध्यावर" हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन थरांची, म्हणजे ८.५ जीबीची डीव्हीडी पहिला थर आतून बाहेर वाचते आणि दुसरा बाहेरून आत. त्यामुळे चित्रपटाचा मधला भाग बरोबर डिस्कच्या बाहेरच्या कडेला येतो, आणि ओल शिरते तीही कडेनेच. तिथे एक सेकंदाचा खोळंबा होत असेल तर घाबरू नका, थर बदलताना जुने प्लेअर तेवढे थांबतातच. चित्र फुटायला लागलं की मात्र काळजीचं.

कुठली कंपनी ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून सगळ्यांना उपयोगी पडेल असं सांगतो. वॉर्नर ब्रदर्स होम एंटरटेनमेंटने २०२५ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की २००६ ते २००८ या काळात बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी खराब होत आहेत, आणि शक्य तिथे बदलून देण्याची तयारीही दाखवली. जुन्या हॉलिवूडच्या संग्राहकाला हा काळ फार झोंबणारा आहे. फिल्म न्वारचा, म्हणजे काळोख्या गुन्हेपटांचा, चौथा खंड (२००७, पाच डिस्कवर दहा चित्रपट), सेन्सॉर कडक होण्याआधीच्या चित्रपटांच्या 'फॉरबिडन हॉलिवूड'चा पहिला खंड (२००६) असे मोठे संच नेमके त्याच काळातले. प्रत्येक डिस्क जाणारच असं नाही. पण त्या काळातला संच असेल तर आजच तपासा, कारण डबीवरच्या सीलला याचं काही सोयरसुतक नसतं. न उघडलेली प्रतही तेवढीच धोक्यात.

तपासणी अशी. प्लेअरवर दोन तास बसून बघण्यापेक्षा डिस्क संगणकाच्या ड्राइव्हमध्ये घाला आणि डीव्हीडिझास्टर किंवा तत्सम प्रोग्रॅमने पहिल्या सेक्टरपासून (माहितीच्या तुकड्यापासून) शेवटपर्यंत वाचून घ्या. वाचनाचा वेग दाखवणारा आलेख येतो. तो सलग चढत-उतरत गेला तर डिस्क ठणठणीत. मध्येच खड्डे पडले, ड्राइव्ह मागेपुढे घुटमळायला लागला, पण चूक एकही नोंदली नाही, तर ती डिस्क आजारी समजा. अजून चालते आहे म्हणून ठेवून देऊ नका. बदली शोधायची वेळ तीच.

इथे एक फसगत होते. बहुतेक व्यावसायिक डीव्हीडी कुलूपबंद असतात आणि ड्राइव्हची ओळखपरेड झाल्याशिवाय ते सेक्टर वाचायलाच मिळत नाहीत. त्यामुळे चांगली डिस्कही सुरुवातीपासून चुकाच चुका दाखवते. आधी ती व्हीएलसी या चित्रपट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मिनिटभर चालवा, बंद करा, डिस्क बाहेर न काढता मग तपासणी सुरू करा.

चुका आल्याच तर सेक्टरचे आकडे लिहून ठेवा, डिस्क स्वच्छ करा, पुन्हा वाचा. आकडे बदलले किंवा कमी झाले तर मळ होता. तेच आकडे पुन्हा आले तर बिघाड आत आहे. निकाल देण्याआधी एकदा दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हवर जरूर बघा. काही ड्राइव्ह कमकुवत डिस्क आश्चर्यकारक चिकाटीने वाचतात, काही पहिल्या ठेचेलाच हात टेकतात.

पुसायचं ते मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा उठला तर तो माहितीच्या वाटेवरच लांबलचक पडतो, आणि चूक दुरुस्त करणारी यंत्रणा त्याला पुरी पडत नाही. आडवा ओरखडा ती सहज भरून काढते. साधा मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणि मायक्रोफायबर कापड पुरे, तेलकट बोटं असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. अॅसिटोन कदापि नाही, पॉलिकार्बोनेट विरघळतं.

प्रत_संशोधक:

बदलण्याच्या प्रश्नावर. आपण चित्रपटाचं नाव जमवत नसतो, त्याची एक विशिष्ट प्रत जमवत असतो. ती कुठल्या फिल्मवरून स्कॅन केली, कधी केली आणि नंतर कोणी काय "सुधारलं", हे डबीवरच्या "रिमास्टर्ड" या शब्दापेक्षा मोलाचं आहे.

'स्पार्टाकस'चं उदाहरण घ्या. २०१० च्या ब्ल्यू-रेवर ग्रेन (फिल्मवरचे बारीक कण) इतका पुसला होता की चेहरे मेणाचे दिसत होते. २०१५ मध्ये नव्या स्कॅनवरून पुन्हा डिस्क निघाली आणि ती बघण्याजोगी आहे. दोन्ही ब्ल्यू-रेच, दोन्हींवर तेच नाव. 'माय फेअर लेडी'चीही तीच कथा, २०११ ची टाळा, २०१५ ची घ्या. जुन्या फिल्मवर ग्रेन दिसलाच पाहिजे. दाढीचे खुंट, लोकरी कोटाचं विणकाम, मागच्या भिंतीचा पोत, या तीन जागा बघितल्या की ग्रेन काढलाय का ते लगेच कळतं. कडांभोवती पांढरी झालर दिसली तर धार कृत्रिमरीत्या वाढवली आहे.

तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरमध्ये (रंगीत चित्रीकरणाची जुनी पद्धत) आणखी एक गोष्ट बघा. कॅमेऱ्यात तीन वेगळ्या निगेटिव्ह एकाच वेळी धावत. दशकांनंतर त्या कमी-जास्त आक्रसतात आणि एकमेकींवर नीट बसत नाहीत. जुन्या डिस्कवर माणसाच्या बाह्यरेषेला लाल किंवा निळी किनार दिसते ती यामुळे. तिन्ही पट्ट्या वेगवेगळ्या स्कॅन करून संगणकावर जुळवल्या की चित्र एकदम टणक दिसतं. रंगीत चित्रपटांत ब्ल्यू-रेवर खर्च करायचा तर आधी इथे करा, फरक सर्वांत मोठा आहे.

चित्राचा आकार तपासताना १९५३ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याआधीचे बहुतेक बोलपट १.३७ : १ (रुंदी : उंची) मध्ये असतात, म्हणजे टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे हवेतच. नसतील तर चित्र ताणलंय किंवा वरून-खालून कापलंय. त्यानंतर उलटी गडबड. सिनेमास्कोप (रुंद पडद्याची पद्धत) सुरुवातीला २.५५ : १ होतं, आणि ते ४ : ३ मध्ये कोंबलं की अर्ध्याच्या आसपास चित्र गायब होतं. फॉक्स सिनेमा आर्काइव्हज मालिकेतल्या कित्येक सिनेमास्कोप डीव्हीडी अशाच निघाल्या. तो संवादांचा ऐवज आहे, चित्रपट नव्हे. त्या बिनदिक्कत बदला.

आवाजात मूळ मोनो आहे ना ते बघा. 'व्हर्टिगो'च्या १९९६ च्या पुनरुद्धारात पावलं, दारं, गाड्या यांचे आवाज नव्याने ध्वनिमुद्रित केले होते. मूळ मोनो ट्रॅक नसलेली डिस्क म्हणजे १९५८ चा चित्रपट अपुरा ऐकणं.

आणि हो, काही जुन्या डीव्हीडी ठेवायच्याच. हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे गेले की नव्या ब्ल्यू-रेवर जुनं भाष्य, माहितीपट, पर्यायी आवृत्ती येतीलच असं नाही. 'बेबी फेस'ची सेन्सॉरपूर्व आवृत्ती २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली आणि वर उल्लेख आलेल्या 'फॉरबिडन हॉलिवूड'च्या पहिल्या खंडात ती कापलेल्या आवृत्तीसोबत आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघण्याचं मोल वेगळंच. 'द बिग स्लीप'च्या १९४५ आणि १९४६ या दोन आवृत्त्या मात्र २०१५ च्या ब्ल्यू-रेवर एकत्र आहेत, तिथे दुतर्फी डीव्हीडी जपण्याचं कारण उरत नाही.

हक्क संपलेल्या चित्रपटांबाबत सावध राहा. 'शराड' (१९६३) पडद्यावर हक्काची सूचना नीट न दिल्यामुळे प्रदर्शित होताच सार्वजनिक झाला, 'डिटूर' (१९४५) नूतनीकरण न झाल्यामुळे. त्यामुळे कुणीही झिजलेल्या १६ मिमी प्रिंटवरून डिस्क काढू शकतो आणि काढतोच. या दोन्हींच्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीच्या ब्ल्यू-रे घ्या, बाकीच्यांकडे बघूही नका.

पट्टा_बी:

वरच्या दोघांनी रीजनचं, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं, लिहिलं नाही, ते घेण्याआधी बघाच. ब्ल्यू-रेचे तीन भाग: ए म्हणजे अमेरिका खंड, जपान, कोरिया, आग्नेय आशिया. बी म्हणजे युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. सी म्हणजे भारत, चीन, रशिया. क्रायटेरियनच्या अमेरिकी ब्ल्यू-रे आणि किनो लॉर्बर या कंपनीच्या सहसा ए-बंद (फक्त ए भागातल्या प्लेअरवर चालणाऱ्या), युरेका या ब्रिटिश कंपनीच्या बी-बंद. वॉर्नर आर्काइव्ह या वॉर्नरच्याच मालिकेच्या ब्ल्यू-रे बहुतेक सगळीकडे चालतात. ४के डिस्कला रीजन नसतोच, पण त्याच डबीतली ब्ल्यू-रे बंद असू शकते, आणि पुरवणीचा मजकूर बऱ्याचदा फक्त तिच्यावर असतो.

डीव्हीडीचे भाग वेगळे, १ ते ६. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा गोठतो. तपासणीसाठी वेगळा ड्राइव्ह ठेवा.

पाल (युरोप, भारतातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो. १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो आणि आवाजाची पट्टी किंचित चढते. डबीवरचा कालावधी चार टक्के कमी दिसला की "कापलेली प्रत" म्हणून परत करू नका, आधी हा गुणाकार करा. संगीतिका असेल तर मात्र एनटीएससी (अमेरिकी पद्धतीची) डीव्हीडी किंवा ब्ल्यू-रेच घ्यावी, गाणी चढ्या सुरात ऐकणं कानाला खटकतं.

कृष्णधवल:

तिघांचेही आभार. व्हीएलसीचं माहीत नसल्यामुळे चार चांगल्या डिस्क मृत ठरवल्या होत्या, त्या सुटल्या. जांभळ्या डिस्कचं कोणी सांगेल का? आणि ठेवायच्या कशा?

रीळवाला:

जांभळी म्हणजे छापलेली नव्हे, रंगद्रव्यावर लेसरने लिहिलेली डीव्हीडी-आर. पण तेवढ्यावरून नकली ठरत नाही. वॉर्नर आर्काइव्ह २००९ मध्ये सुरू झालं तेच मागणीनुसार डिस्क लिहून देण्याच्या पद्धतीने, आणि युनिव्हर्सल, सोनी, फॉक्स यांनीही तशा मालिका काढल्या. तेव्हा आधी तो चित्रपट अशा मालिकेत अधिकृतपणे आला होता का ते बघा. आला नसेल आणि डिस्क जांभळी असेल तर नकली. छापील म्हणून विकलेल्या डिस्कच्या आतल्या पारदर्शक कड्यावर भिंग धरा, बारीक अक्षरांत आयएफपीआय (ध्वनिमुद्रण उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि पुढे संकेतांक दिसायला हवा.

अस्सल असली तरी डीव्हीडी-आर नाजूक. रंगद्रव्य उजेडाने आणि उष्णतेने उडतं, म्हणून खिडकीसमोरच्या मांडणीत या डिस्क नकोत. यांची तपासणी दरवर्षी करा, छापलेल्यांची दोन-तीन वर्षांनी पुरे.

साठवणीसाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेची शिफारस ४ ते २० अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता अशी आहे. घरात ती जमली नाही तर निदान चढउतार टाळा, बाहेरच्या भिंतीला लागून आणि अॅम्प्लिफायरच्या वर ठेवू नका. डबी उभी ठेवा. पुठ्ठ्याच्या खाचांतल्या संचांमधून डिस्क काढून पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला. पुठ्ठा प्रत्येक वेळी ओरखडतो, आणि पीव्हीसीची मऊ पाकिटं कालांतराने चिकटतात. डिस्क काढताना मधली कळ पूर्ण दाबा, वाकवून ओढू नका. चिकटवलेले थर तसेच सुटतात. लेबलच्या बाजूला कागद चिकटवणं आणि स्पिरिटच्या पेनने लिहिणं बंद.

प्रत_संशोधक:

एक राहिलं. वापरलेले संच घेताना कंपनीने मागाहून बदलून दिलेली डिस्क आत आहे का ते विचारा. क्रायटेरियनच्या २०२१ च्या 'सिटिझन केन'च्या पहिल्या ब्ल्यू-रेवर साधारण ३० व्या मिनिटापासून चित्र फिकं पडत होतं आणि त्यांनी ती बदलून दिली. जुन्या डिस्क अजून हातोहात फिरतात. संच आला की आधी तिथेच लावा.

ट्वायलाइट टाइमसारख्या कंपनीच्या डिस्क घेतानाही घाई नको. २०११ ते २०२० या काळात त्यांनी बहुतेक चित्रपटांच्या ३००० च प्रती काढल्या, म्हणून विकणारे भाव चढवतात. त्यांतले बरेच चित्रपट नंतर दुसऱ्या कंपन्यांनी नव्या स्कॅनवरून काढले आहेत. तशी डिस्क आलेली नसेल तरच चढा भाव द्यावा.

कृष्णधवल:

२००६ ते २००८ चे एकूण २३ खोके निघाले. आजपासून रोज दोन तपासतो, वेगाचे आलेख इथेच टाकतो. पहिला न्वारचा चौथा खंड.