व्यापारी तूट: आमचं दुकान असतं तर सासऱ्यांनी शटर पाडलं असतं!

कराडची_वही:
आमचं किराणा-भुसार दुकान आहे, हिशेब मी बघते. दर महिन्याच्या मध्यावर "व्यापारी तूट वाढली" अशी बातमी येते. काल सासरे म्हणाले, "आपली खरेदी विक्रीच्या एवढी वर गेली असती तर मी शटर पाडलं असतं." शोधून बघितलं. २०२३-२४ मध्ये मालाची निर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर, आयात ६७८ अब्ज. तूट २४१ अब्जांची! मग देश चालतो कसा? कृपया फॉर्म्युले नकोत.

सडेतोड:
सोपं आहे. तूट वाईट, शिल्लक चांगली. आयात बंद करा.

उरणकर:
सडेतोड, जून २०२० मध्ये तुझ्या मनासारखं झालं होतं बघ.

मी न्हावा शेवा बंदरात कस्टम क्लिअरन्सचं, म्हणजे माल सोडवायच्या कागदपत्रांचं काम करतो, बावीस वर्षं झाली. त्या महिन्यात मालाची निर्यात आयातीपेक्षा सुमारे ७९ कोटी डॉलरने जास्त निघाली, अठरा वर्षांत पहिल्यांदा. आणि आमच्या टेबलावर काय? एरवी दिवसाला तीस-चाळीस बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचे कस्टमचे कागद) असायची, तेव्हा आठ-दहा. लॉकडाऊनमुळे गाड्या घरासमोर उभ्या, तेल कोण आणणार? लग्नं पुढे ढकललेली, सोनं कोण घेणार? निर्यातसुद्धा १२ टक्क्यांनी पडली होती, पण आयात ४७ टक्क्यांनी आपटली, म्हणून वजाबाकी अधिक आली. त्या शिल्लकीच्या महिन्यात आमच्या ऑफिसातल्या दोन पोरांना अर्ध्या पगारावर घरी बसावं लागलं.

ताई, सासऱ्यांना विचारा, दिवाळीच्या आधी दुकानात काय होतं? खरेदी विक्रीच्या वरच जाते ना? तेव्हा ते शटर पाडत नाहीत, कारण गोदामात काय भरलंय ते त्यांना माहीत असतं. देशाचंही तेच बघायचं. कारखान्यासाठी मशीन आलं तर ते उद्या कमावतं, सोनं आलं तर लॉकरमध्ये जाऊन बसतं. आयातीच्या आकड्यात दोघं शेजारी शेजारी. कच्च्या तेलाचा भाव चढला की एक थेंब जास्त न आणताही तूट फुगते. त्यातलं काही तेल जामनगरला शुद्ध होऊन डिझेल-पेट्रोल म्हणून परत बाहेर जातं. कच्चे हिरे येतात, सुरतेत पैलू पडतात, परदेशी जातात. ही आयात बंद केली की ती निर्यातही गेली.

एक आमच्या धंद्यातली गोष्ट. निर्यात मोजतात एफओबी, म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतची किंमत. आयात मोजतात सीआयएफ, म्हणजे बोटीचं भाडं आणि विमा धरून. भाडी वाढली की माल तेवढाच असून आयात मोठी दिसते. हे बातमीत कुणी सांगत नाही.

कराडची_वही:
हे पटलं. पण २४१ अब्जांचा फरक भरतो कोण? उधारी?

उरणकर:
थोडी उधारी, पण बरंचसं दुसऱ्या खिशातून. त्याच वर्षी सॉफ्टवेअर वगैरे सेवांतून निव्वळ १६० अब्जांच्या वर आले. आखातातून, अमेरिकेतून लोक घरी पाठवतात ते वेगळं. दुकानाच्या वहीत पुण्याच्या दिराचा पगार धरावा तसं. सगळं मिळवून जी उरते ती चालू खात्याची तूट, त्या वर्षी जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, जेमतेम ०.७ टक्के. मी हाच आकडा बघतो. २०१२-१३ ला तो ४.८ टक्के होता, तेल आणि सोनं दोन्ही जोरात. २०१३ च्या ऑगस्टात डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला, सोन्यावरचा आयात कर १० टक्के करावा लागला. तेव्हा सासरे शटरचं बोलले असते तर मी मान डोलावली असती.

आणि एका महिन्याच्या आकड्यावर भांडू नका. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात आधी १४.८ अब्ज डॉलर सांगितली, विक्रमी तूट म्हणून गाजली. मग मोजणीतली चूक सापडली आणि ५ अब्ज कापले!

कराडची_वही:
सासऱ्यांना वाचून दाखवलं. दिवाळीचं पटलं. पण दिराचा पगार वहीत धरायचा नाही म्हणाले.