मदत हवी आहे: 'ब्लॅक पँथर' दाखवून मुलांशी काय बोलावं?

नमस्कार मंडळी. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनगटात आठवी-नववीची मुलं येतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना 'ब्लॅक पँथर' (२०१८) हा इंग्रजी चित्रपट दाखवायचाय. मारामारी आवडेलच. मला बोलायचंय ते लंडनच्या संग्रहालयातल्या प्रसंगावर. खलनायक किलमाँगर काचेमागच्या आफ्रिकी वस्तू बघत विचारतो, या तुमच्याकडे आल्या कशा? १८९७ मध्ये इंग्रज फौजेनं आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचा राजवाडा खरोखरच लुटला होता. आमच्या मुलांनी इथल्या कमाटीबागेतल्या संग्रहालयातली इजिप्तची ममी कितीदा पाहिलीय, पण ती इथवर कशी आली हे अजून कुणीच विचारलेलं नाही. ते विचारावंसं वाटायला हवं!

शिवाय चित्रपटाचा नायक असलेल्या आफ्रिकी राजाची अंगरक्षक तुकडी सगळी बायकांची आणि राज्यातली सगळ्यात हुशार शास्त्रज्ञ म्हणजे त्याची धाकटी बहीण. मुलींनी हे बघायलाच हवं.

अडतंय ते एका ठिकाणी. खलनायकाचा राग रास्त, पण मार्ग रक्तपाताचा, हे या वयाला कसं उलगडून सांगावं? कुणी वर्गात अशी चर्चा घेतली असेल तर जरूर लिहा. बेनिनच्या लुटीवर मराठीत सोपं काही वाचलं असेल तर तेही सुचवा.