तळपायांची आग आणि बधिरपणा

वडिलांच्या तळपायांची रात्री आग होते आणि दिवसा चप्पल निसटली तरी कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या आईचं मधुमेहामुळे अगदी हेच. आग होते म्हणून आपण औषध शोधतो, पण खरा धोका बधिरपणाचा. आईने थंडीत गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकले. फोड आल्याचं दुसऱ्या दिवशी चादरीला डाग दिसला तेव्हा कळलं. जखम भरायला अडीच महिने लागले. तेव्हापासून पाणी कोपराने बघायचं, घरातही चप्पल घालायची, आणि रोज रात्री मी बॅटरी घेऊन तळवे, बोटांच्या बेचक्या तपासते. बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. एकदा खडा निघाला होता. देवळात ती चप्पल काढणारच, म्हणून जाड मोजे, आणि उन्हाळ्यात दुपारी जायचंच नाही.

वडील बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. त्या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि त्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात. १० ग्रॅमइतका दाब देणाऱ्या नायलॉन धाग्याने तळव्याची संवेदना तपासतात. दोन-चार मिनिटांचं काम, वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडे आग्रह धरा. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन या औषधांनी आग कमी होऊ शकते, बधिरपणा मात्र जात नाही. आईला प्रीगॅबालिनने सुरुवातीला गरगरायचं, तेव्हा रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. आणि कुरूप असेल तर घरी ब्लेड लावू देऊ नका, कॉर्न कॅप म्हणजे कुरूप काढायची औषधी पट्टीही नको.